तिच्या मापाचा ड्रेस

मी एक ड्रेस बोलतोय. आवाज कुठून येतोय ते शोधत बसू नका, सापडणार नाही. रंग गडद हिरवा, बाह्या लांब, डाव्या कुशीला चेन. कपडे कधी बोलतात का, असं तुम्ही म्हणाल. बोलतात हो. पण तुम्ही त्यांना घालता, धुता, पिळता, वाळत टाकता, त्या धबडग्यात त्यांना तोंड उघडायला फुरसत कुठे असते? मला घालून कुणी कधी घराबाहेर गेलंच नाही. त्यामुळे मला फुरसतच फुरसत.

दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला हौस नाही बरं का. पण मला टांगलं होतं ती जागाच अशी, की एका बाजूला झोपायची खोली आणि दुसऱ्या बाजूला जेवणाचं टेबल. मग दिसतं ते दिसतं. डोळे मिटायला मला पापण्या थोड्याच आहेत!

माझा जन्म एका अरुंद दुकानातला. शिंपी कापायचा, त्याची बायको हातशिलाई करायची, आणि कात्री कुणी कुठे ठेवली यावरून दोघांची दिवसभर कुरबुर चालायची. मी तेव्हा नुसतं कापड होतो, घडी घालून फळीवर पडलेलो. कापडाला माप नसतं, त्यामुळे काळजीही नसते. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका दुपारी बाई आल्या. मी त्यांना बाईच म्हणतो. पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, चष्म्याच्या दुकानात कामाला. चष्म्याची काडी जराशी वाकवून गिऱ्हाइकाच्या कानामागे अशी बसवायच्या, की त्या माणसाला आपण चष्मा लावलाय हेच विसरायला व्हावं. शिंप्यानं फळीवरून मला काढलं, त्यांनी हात फिरवला, "हेच द्या" म्हणाल्या. शिंप्यानं गळ्यातली टेप हातात घेतली, तशा बाई दोन पावलं मागे सरल्या.

"माझं माप नका घेऊ. मापाला ड्रेस आणलाय."

पिशवीतून त्यांनी एक जुना, फुलाफुलांचा ड्रेस काढला. शिंप्यानं ड्रेसकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा ड्रेसकडे.

"राग मानू नका बाई, पण हा कुणाचा?"

"माझाच. लग्नाआधीचा. आईच्या कपाटावर पेटी आहे, तिच्यात सापडला."

"आणि नवीन कुणासाठी शिवायचा?"

"माझ्यासाठीच की. लेक नोकरीला लांब असते, उन्हाळ्यात घरी यायचीये. तोवर मी या मापात आलेली असेन."

शिंप्याची बायको सुई थांबवून हसली. "असं सगळ्याच म्हणतात हो. माझा तेव्हाचा झंपर आता माझ्या दंडातसुद्धा जायचा नाही."

"तुमचं असेल तसं. मी ठरवलं की ठरवलं."

"बरं, आत थोडी माया तरी ठेवतो," शिंपी म्हणाला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. "पुढेमागे सैल करायचा झाला तर..."

"मुळीच नको. जागा ठेवली की माणूस ती वापरतो."

झालं. बाई गेल्या आणि शिंप्यानं तो जुना ड्रेस माझ्या अंगावर पसरला. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, आणि त्या वासाच्या खाली औषधाचा. खडू त्याच्या कडेकडेनं फिरायला लागला. नीट माप यावं म्हणून शिंप्यानं त्याची एक शिवण उसवली, तर तो हातातल्या हातात विरून गेला. पिकलेलं पान चुरगाळावं तसा.

"अगं, हे बघ काय झालं! आता बाई काय म्हणतील?"

त्याच्या बायकोनं एक तुकडा उजेडाकडे धरला. "काही म्हणायच्या नाहीत, जुनंच होतं. पण इथे बघा, गळ्याशी. वापरून नाही झिजलेलं. कुणीतरी सारखं एकाच जागी धरून धरून विरवलंय."

चिंध्या टोपलीत गेल्या. आणि मला थंडी वाजली. कापडाला कधी थंडी वाजते का? पण वाजली. त्या जुन्या ड्रेसमधलं सगळं टोपलीत गेलं नव्हतं. थोडं माझ्याकडे सरकलं होतं, आणि शिंप्याची कात्री आता त्याच्या कडेनं मला कापत होती.

असा मी तयार झालो. बाई येऊन घेऊन गेल्या, जुन्या ड्रेसचं ऐकून "जाऊ दे, काम झालं ना" म्हणाल्या, आणि घरी गेल्याबरोबर त्यांनी नवऱ्याला हातोडी आणायला लावली.

बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे लिफ्ट बंद पडली, माणसं अडकली, की याला फोन. हसतमुख माणूस. बायकोला 'सरकार' म्हणायचा.

"सरकार, एवढं कपाट असताना चौकटीत खिळा?"

"जेवताना समोर दिसला पाहिजे."

"आणि मी जेवताना कुठे बघू?"

"ताटात!"

तर असा मी त्या चौकटीत लटकलो, आणि मला सगळा प्रकार हळूहळू कळत गेला. बाईंना जिना चढताना धाप लागत होती, म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, साखर जराशी वर दिसतेय. थोडं वजन उतरवा, संध्याकाळी थोडं चाला, रात्रीचं जेवण थोडं लवकर घ्या, आणि महिन्यानं येऊन भेटा. एवढंच. पण बाईंचा स्वभाव सगळा आरपार. भांडी घासायला घेतली तर आधीची स्वच्छ भांडीसुद्धा पुन्हा घासणार.

"थोडं, थोडं, थोडं!" त्या नवऱ्याला सांगत होत्या. "मी काय बाळ आहे? करायचं तर पुरतं करायचं, नाहीतर त्या वाटेला जायचंच नाही. त्या डॉक्टरला काय माहीत मी काय होते ते. वाऱ्यानं उडाले असते, अशी होते."

"आपली ओळख झाली तेव्हा तर तू चांगली..."

"तेव्हा नाही. त्याच्या आधी."

नवऱ्यानं खांदे उडवले. मीही त्या वेळी काही मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावरची ताटं बदलली. नवऱ्याचं ताट होतं तसं राहिलं. बाईंच्या ताटात काकडी, एक उकडलेलं अंडं, कधी नुसतं सूप. सकाळी घरातल्या बोळात दोरीवरच्या उड्या. खालच्या मजल्यावरची म्हातारी वर येऊन विचारून गेली, छत पाडायचा बेत आहे का म्हणून. वजनकाट्यावर बाई सकाळी चढायच्या, दुपारी चढायच्या, संध्याकाळी चढायच्या, आणि काट्यानं काय सांगितलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता यायचं. सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग काटा हलेना. मग बाईंनी अंडंही सोडलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. बाई त्या बारीक झालेल्या बाईबद्दल 'मी' म्हणायच्याच नाहीत. 'ती' म्हणायच्या.

"ही चप्पल तिच्यासाठी घेतली." "हा पट्टा तिला छान दिसेल." "माझे हे ढगळे कपडे बांधून ठेवते, ती आल्यावर कोण घालणार आहे?"

"सरकार, आपण घरात भाडेकरू ठेवलाय का?" नवरा चेष्टेनं म्हणाला. "येणार कधी, भाडं किती, काही सांगशील का नाही?"

"उन्हाळ्यात येईल. तेव्हा बघशील."

नवरा हसला. मी हसलो नाही. कारण 'ती' आलेली होती.

कसं सांगू तुम्हाला? रिकामा ड्रेस कसा असतो, तुम्ही पाहिलाय. चपटा असतो. मी चपटा नव्हतो. माझ्या खांद्यांत कुणीतरी खांदे ठेवले होते, अगदी हलके, पाखरू बसावं तसे. गळ्याशी एक हात सारखा यायचा आणि कापड मुठीत धरायचा. आणि टेबलावर ताटं मांडली, झाकण काढलं, वाफ निघाली, की मी आपसूक वळायचो. खिडकी बंद, पंखा बंद, आणि माझी खालची कड टेबलाच्या बाजूला कलायची. वास घेत असल्यासारखी.

नवऱ्याच्या ते लक्षात आलं. माणूस यंत्रातला, वाकडं लटकलेलं त्याला खपायचं नाही. "हा सारखा टेबलाकडेच तोंड का करतो?" म्हणत त्यानं हँगर सरळ केला. जेवायला बसेपर्यंत मी पुन्हा वळलेला. त्यानं खिळा तपासला, हँगरचा आकडा तपासला, मग घास हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "सरकार," तो हळूच म्हणाला, "याला भूक लागलीये."

"गप्प बस आणि जेव," बाई म्हणाल्या. पण त्यांनीही एकदा वर पाहिलं.

रोज सकाळी बाई मला घालून बघायच्या. आधी मी गुडघ्यांच्या वर सरकेना. मग कमरेपर्यंत आलो. आणि त्या आत शिरायला लागल्या की माझ्या आतली ती बाजूला व्हायची, बसच्या बाकावर सरकून कुणी जागा देतं ना, तशी. बाईंना शहारा यायचा. "किती गार कापड आहे हे," म्हणायच्या. कापड गार नव्हतं हो.

लेकीचा फोन यायचा.

"आई, दमल्यासारखी का बोलतेस?"

"कुठे काय! तू ये तर खरी. दारात तुला मी ओळखूच येता कामा नये."

"हे काय भलतंच? का ओळखू नये मी तुला?"

"आलीस की बघ."

मधेच एका रविवारी दुपारी नवरा कामावर गेलेला असताना बाई फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. पाव काढला, लोणी काढलं, आणलेला केक काढला. बसल्या नाहीत, ताट घेतलं नाही, उभ्या उभ्या सगळं संपवलं. मग रडल्या. मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "उद्यापासून नुसतं पाणी."

त्यांना काय माहीत, त्या खात होत्या तेवढा वेळ माझ्या आतली थरथर थांबली होती! दूध पिऊन लेकरू निजावं तसं माझ्या आत सगळं सैल, शांत झालं होतं. 'नुसतं पाणी' हे शब्द ऐकले आणि गळ्याशी पुन्हा ती मूठ आली. यावेळी इतकी घट्ट, की कॉलर चुरगळली.

त्यानंतर बाई बदलत गेल्या. बारीक होत होत्या हे खरं, पण बारीक होणं वेगळं आणि हे वेगळं. उठताना त्या भिंतीला तळहात टेकवायच्या. टेबलापासून खोलीपर्यंत चार पावलांची वाट, त्यात मधे एकदा थांबायच्या. "पडदा अर्धा ओढ, उजेड लागतो," म्हणायच्या. आणि बोलता बोलता हात गळ्याशी न्यायचा, कापड मुठीत धरायचं. ही सवय त्यांची नव्हती. ही कुणाची आहे ते मी एकटाच ओळखत होतो, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

चष्म्याच्या दुकानातही गडबड झाली. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक पायरी चुकून पडता पडता वाचलं. मालकानं घरी पाठवलं. नवरा संतापला, त्याला संतापलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"बस झालं आता. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"आता? काठावर आल्यावर? चेन अर्धी लागते माझी!"

"चेन लागेल आणि तू राहणार नाहीस! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? थोडं. हे थोडं आहे का?"

"लेक येईपर्यंत. मग तू म्हणशील ते."

त्यानं टेबलावरचं ताट बाजूला सारलं. मग त्यानं मला खिळ्यावरून काढलं, कपाटात कोंबलं आणि दार लावून घेतलं. बाईंनी भांडण केलं नाही. त्यांना भांडायचीही ताकद नव्हती. त्यांनी फक्त कपाटाचं दार पुन्हा उघडलं.

लेक यायच्या आदल्या दिवशी बाईंची आई राहायला आली. नात येणार म्हणून. म्हातारी काटक, पिशवी स्वतःच उचलून आणली. बाईंना दारात पाहिलं आणि ती पिशवी तिथेच खाली ठेवली. "वाळलीस गं," एवढंच म्हणाली, आणि सूप ढवळायला गेली. बाईंनी दोन चमचे घेतले, "पोट भरलं" म्हणाल्या. म्हातारी त्या वाडग्याकडे अशी बघत बसली, जणू हे वाक्य तिनं आधी कुठेतरी ऐकलं होतं.

सकाळ झाली. नवरा स्वयंपाकघरात चहा टाकत होता. बाईंनी मला कपाटातून काढलं, पडदा अर्धा ओढला आणि मला घातलं. कमरेवरून मी सरकलो, छातीवरून सरकलो. त्यांनी श्वास आत घेतला आणि चेन वर ओढली.

ती लागली. पार वरपर्यंत.

बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. आनंद व्हायला हवा होता ना? त्या नुसत्या बघत होत्या, अनोळखी माणसाला बघावं तशा. हात आपोआप गळ्याशी गेला. तेवढ्यात चहाचा कप घेऊन म्हातारी दारात आली आणि तिला पाठमोरी बाई दिसली.

"चिमणे," म्हातारी म्हणाली, अगदी साध्या, रोजच्या आवाजात. "उठलीस का गं? आज जरा बरं वाटतंय?"

बाई वळल्या. "आई, मी आहे. धाकटी."

म्हातारीनं कप जपून खाटेवर ठेवला, तिथे तो कलंडला. ती पुढे आली, माझी कॉलर चाचपली, बाही चाचपली, कमरेवरून हात फिरवला. आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी.

"हे कुठून आणलंस?"

"नवीन आहे आई. माझा तो फुलाफुलांचा ड्रेस नव्हता का, तुझ्या पेटीत? त्याच्या मापानं शिवला."

"तुझा कुठला? तुझा तू घालून घालून फाडलास, मी त्याची फडकी केली. पेटीतला तो चिमणीचा."

चिमणी म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती ऐन तारुण्यात आजारानं गेली, हे मला त्या क्षणी कळलं. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. एकाच ताग्यातून आईनं दोघी बहिणींना सारखे ड्रेस शिवले होते, आणि इतक्या वर्षांनी धाकटीनं थोरलीचा उचलला होता.

"तुझं नव्हतंच गं हे माप कधी," म्हातारी म्हणाली. "कुणाचंच नव्हतं. आजारानं केलेलं माप ते. मी कुशी आत घ्यायचे, आठवड्यात पुन्हा लोंबायला लागायचा. सकाळी उठून आरशासमोर उभी राहायची, गळ्याशी असं धरायची आणि विचारायची, 'आई, आज भरले का गं मी?' दूध दिलं की डोळे मिटून प्यायची. राहायचं नाही पोटात. पुन्हा मागायची. 'हा एकदा अंगावर नीट बसू दे, मग मी बरी झाले समज,' म्हणायची. तिला यात भरायचं होतं, धाकटे. आणि तू यात मावायला निघालीस?"

बाईंनी चेनीला हात घातला. चेन हलेना. ओढली, तिरकी केली, पुन्हा ओढली. अस्तराचा धागा दातांत अडकला होता. मी घट्ट होत चाललो होतो. शपथेवर सांगतो, मी काही करत नव्हतो. माझ्या आत कुणीतरी श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतं आणि त्याच वेळी बाईही श्वास घ्यायचा प्रयत्न करत होत्या, आणि जागा एकीपुरतीच होती. बाईंचे ओठ पांढरे पडले.

"अरे, धाव!" म्हातारी ओरडली.

नवरा आला. आत आला तो एक माणूस, आणि बाईंकडे पाहिल्यावर झाला दुसराच. चेहरा शांत, आवाज शांत. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराबाहेर उभं राहून तो बोलायचा, तो आवाज.

"घाबरायचं नाही. मी आलोय. श्वास बारीक घ्यायचा, मोठा नको." त्यानं आरशाखालच्या खणातून कात्री काढली. आणि सवयीनं, अडकलेल्या माणसांना पहिलं विचारायचं तेच विचारलं, "आत किती जण आहात?"

"दोघी," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. त्याच्या हातातली कात्री क्षणभर थांबली.

"बरं," तो त्याच आवाजात म्हणाला. "दोघींनीही भिंतीला टेकून उभं राहायचं. हलायचं नाही. मी दार उघडतोय."

आणि त्यानं खालच्या कडेपासून काखेपर्यंत मला सरळ कापलं.

दुखलं. खोटं कशाला बोलू? पण बाईंनी जो श्वास घेतला, तो त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी घेतला नसेल. त्या माझ्यातून बाहेर पडल्या आणि खाली बसल्या. मी फरशीवर पडलो, आणि दुसरी माझ्यातच राहिली.

म्हातारीनं पाव भाजला, अंडी फोडली, दूध तापवलं. नवऱ्यानं बांधून ठेवलेल्या गाठोड्यातून बाईंचा जुना ढगळा गाऊन काढला. बाई टेबलाशी बसल्या. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. फरशीवरून मला टेबलाचे पाय आणि बाईंची पावलं तेवढी दिसत होती. घास गिळल्याचा आवाज आला, आणि माझ्या गळ्याशी कधीपासून वळलेली मूठ सुटली.

दुपारी लेक आली. दारात पिशव्या टाकून तशीच धावली. "आई! डोळे केवढे खोल गेलेत गं! काय करून घेतलंस हे?"

"ओळखलंस मला?"

"अगं, म्हणजे काय! तुला नाही ओळखणार?"

बाई ज्या रडल्या! लेकीला काही कळेना, ती आजीकडे बघत राहिली.

पुढे बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "थोडं. समजलं मला." आता दुकानातून येताना त्या एक थांबा आधी उतरतात आणि घरापर्यंत चालत येतात. एवढंच. पहिल्या दिवशी फार लाज वाटली त्यांना. नवऱ्याला म्हणाल्या, "एवढंच? हे कुणाला सांगायची तरी सोय आहे का?" तो म्हणाला, "नको सांगूस. मी येतो थांब्यावर." कधी दांडी होते, कधी केकचा तुकडा जातो पोटात, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा एक थांबा आधी उतरतात, शिक्षा म्हणून उपाशी राहत नाहीत. नवऱ्यानं एकदा चिडवलं, "सरकार, आज दोन थांबे होऊन जाऊ देत!" तर म्हणाल्या, "एकच. उगाच शहाणपणा शिकवू नकोस." जिन्यावर धाप कमी लागते म्हणे. वजन उतरलंय, पण सावकाश, आणि मधे थोडं परतही आलं. माझ्यात त्या पुन्हा कधी मावणार नाहीत. मला घाल असं त्यांना कुणी सांगतही नाही.

हे सगळं मला ऐकून माहीत, कारण मी आता तिथे नसतो. म्हातारीनं मला आपल्या घरी आणलं. कापलेली कुशी हातानं शिवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर मला घातलं. मापाचा ड्रेस म्हणून नाही. नुसतं आपलं, सोबतीला. ती जेवायला बसते तेव्हा माझ्यासमोर पेलाभर दूध ठेवते. संध्याकाळपर्यंत पेला निम्मा होतो. म्हातारी म्हणते, मांजर पीत असेल. घरात मांजर नाही.

तुमच्या घरातही असेल असा एखादा कपडा. 'होईन कधीतरी तेवढी' म्हणून जपून ठेवलेला. असू दे, माझं काही म्हणणं नाही. फक्त तो कुणाच्या मापाचा आहे, एवढं एकदा कुणा जुन्या माणसाला विचारून घ्या. आणि विचारण्याआधी दोन घास खा.

परवा बाई आईकडे आल्या होत्या. चालून आल्यामुळे गाल लाल, कपाळाला घाम. खुर्चीशी थबकल्या.

"आई, तू हा शिवून आत घेतलास का? कमरेशी शिवण ताणलेली दिसतेय."

"मी कशाला हात लावू? धुतला पण नाही."

बाईंनी भीत भीत माझ्या कमरेवर हात ठेवला. टाके एकमेकांपासून दूर झाले होते, आणि मधून कापडाचे धागे दिसत होते. खांद्यांत आता पाखराचा भार नव्हता. चांगला माणसाचा भार होता.

"भरतेय हो," म्हातारी म्हणाली, आणि दुधाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

माझ्यात माया सोडलेली नाही, त्यामुळे मी फार दिवस पुरणार नाही. एक दिवस कुशीपासून गळ्यापर्यंत उसवेन, हे मला कळतंय. तुमच्यापैकी कुणी तेव्हा जवळ असाल तर एवढंच करा. सुईदोरा घेऊन धावू नका. मला उसवू द्या.